ज्या दरवाजामुळे बदनाम झाला, तसाच दरवाजा नव्हता म्हणून जीव गेला : अंतराळवीर गस ग्रिसमची गोष्ट

जानेवारी १९६७. ह्यूस्टनजवळच्या एका घराच्या परसात लिंबाचं झाड होतं. घरचा मालक ड्युटीवर निघाला होता. जाता जाता त्याने झाडाचं एक लिंबू तोडलं. बायकोने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, यानावर टांगायला.

आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात ती दृष्ट लागू नये म्हणून. अमेरिकेत प्रकरण बरोबर उलटं आहे. तिथे एखाद्या गाडीला लिंबू म्हणायचं म्हणजे ती गाडी कारखान्यातूनच भंगार निघाली आहे असं सांगायचं. फ्लोरिडाला पोचल्यावर त्याने ते लिंबू अपोलो यानाच्या सिम्युलेटरवर खरोखरच टांगलं. नासाच्या एका अनुभवी अंतराळवीराने नासाच्याच सगळ्यात महागड्या प्रकल्पाला दिलेलं ते सर्टिफिकेट होतं.

लिंबू तोडून तो घरातून निघाला ती तारीख २२ जानेवारी. त्यानंतर तो घरी परत आला नाही.

त्याचं नाव व्हर्जिल ग्रिसम, पण सगळे त्याला गस म्हणायचे. नील आर्मस्ट्राँगचं नाव शाळकरी पोरांनाही पाठ असतं. गस ग्रिसमचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण सगळं नीट पार पडलं असतं तर चंद्रावर पहिलं पाऊल कदाचित याच माणसाचं पडलं असतं. हा नुसता चाहत्यांचा अंदाज नाही. कुठल्या मोहिमेवर कोण जाणार हे ठरवणाऱ्या डिक स्लेटन यांनीच पुढे तसं लिहून ठेवलंय.

बसला दरवाजे बसवणारा पोरगा

गसचा जन्म ३ एप्रिल १९२६ चा, इंडियाना राज्यातल्या मिचेल नावाच्या लहानशा गावातला. वडील रेल्वेत सिग्नलमन. घरी खायला-प्यायला होतं, पण चैनीला नव्हतं. गस सकाळी एक पेपर टाकायचा आणि संध्याकाळी दुसरा. उन्हाळ्यात पीच आणि चेरीच्या बागांत फळं तोडायला जायचा.

इंडियानात बास्केटबॉलचं वेड म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. गसलाही खेळायचं होतं, पण उंची कमी पडली. टीममध्ये घेतलं नाही. मग तो स्काऊटमधून मॅचच्या आधी झेंडा धरून उभा राहायचा. तिथेच बँडमध्ये ड्रम वाजवणारी बेटी मूर त्याच्या नजरेत भरली. १९४५ च्या जुलैमध्ये दोघांचं लग्न झालं.

त्याआधी १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू असताना, गस विमानदलाचा कॅडेट म्हणून भरती झाला होता. विमान उडवायचं स्वप्न होतं, नशिबी आलं टेबलावरचं कारकुनी काम. युद्ध संपलं आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये तो गावी परतला. गावात शाळेच्या बस बांधायचा कारखाना होता. तिथे नोकरी मिळाली. काम काय? बसला दरवाजे बसवायचे.

हे दरवाजाचं लक्षात ठेवा. कारण पुढे या माणसाच्या आयुष्यात दरवाजाच हिरो आहे आणि व्हिलनही.

बर्गर भाजून इंजिनिअरिंग

दरवाजे बसवण्यात आयुष्य घालवायचं नाही हे गसने लवकरच ठरवलं. अमेरिकेत तेव्हा जीआय बिल नावाचा कायदा नुकताच आला होता. युद्धात सेवा केलेल्या सैनिकांच्या कॉलेजचा खर्च सरकार उचलत होतं. या एका कायद्याने लाखो कामगारांची आणि शेतकऱ्यांची पोरं कॉलेजात पोचली. गस त्यातलाच एक.

सप्टेंबर १९४६ मध्ये त्याने इंडियानातल्याच पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. सरकारी पैसे फीपुरते ठीक होते, संसाराला पुरत नव्हते. मग वर्ग सुटले की गस एका हॉटेलात आठवड्याला ३० तास बर्गर भाजायचा. बेटी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करायची. राहायला एका खोलीचं घर. उन्हाळ्याच्या सुट्ट्याही न घेता गसने वर्ग केले आणि फेब्रुवारी १९५० मध्ये डिग्री हातात घेतली.

या डिग्रीची किंमत नऊ वर्षांनी कळली. १९५९ मध्ये नासाने अमेरिकेचे पहिले अंतराळवीर निवडायला घेतले तेव्हा अटी ठरल्या त्या अशा : वय ४० च्या आत, उंची ५ फूट ११ इंचांच्या आत, टेस्ट पायलटचं प्रशिक्षण, १,५०० तासांचं उड्डाण आणि इंजिनिअरिंगची किंवा तत्सम पदवी. आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणारा चक येगर म्हणजे त्या काळातला वैमानिकांचा देव, पण त्याच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती. त्याचा विचारच झाला नाही. बर्गर भाजून शिकलेला गस मात्र अटींत बसत होता. आणि बास्केटबॉलच्या टीमबाहेर ठेवणारी त्याची उंची इथे उलट कामाला आली.

अर्थात मधली नऊ वर्षं त्याने नुसती वाट बघण्यात घालवली नव्हती. डिग्री मिळताच तो पुन्हा विमानदलात गेला, मार्च १९५१ मध्ये वैमानिक झाला आणि थेट कोरियाच्या युद्धात पोचला. तिथे वैमानिकांना धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या बसमध्ये एक अलिखित नियम होता. ज्याच्यावर अजून शत्रूच्या विमानाने गोळी झाडलेली नाही त्याने सीटवर बसायचं नाही, उभं राहायचं. गसला फार दिवस उभं राहावं लागलं नाही. त्याने एफ-८६ सेबर विमानातून १०० मोहिमा केल्या, पदकं मिळवली, वर आणखी २५ मोहिमा द्या म्हणून अर्ज केला. तो नामंजूर झाला. परत आल्यावर पायलटांना शिकवलं, विमानशास्त्राची आणखी एक पदवी घेतली आणि टेस्ट पायलट झाला.

१९५९ मध्ये त्याला एक गुप्त आदेश आला. साध्या कपड्यात वॉशिंग्टनला हजर व्हा, कुणाला काही सांगू नका. तिथे गेल्यावर कळलं की अंतराळवीरांची भरती आहे. वैद्यकीय तपासण्या इतक्या किचकट होत्या की उमेदवार वैतागले. गसला परागकणांची ॲलर्जी निघाली. तो बाद होणार असं दिसताच त्याने डॉक्टरांना सांगितलं की अंतराळात गवत उगवत नाही, तिथे परागकण कुठून येणार? मुद्दा बिनतोड होता. ९ एप्रिल १९५९ ला जगासमोर आलेल्या सात जणांत, म्हणजे मर्क्युरी सेव्हनमध्ये, गस होता.

सातांमध्ये तो सगळ्यात अबोल. जॉन ग्लेनला माईक दिला की सभा जिंकायचा, गसला माईक दिला की घाम फुटायचा. रॉकेट बनवणाऱ्या एका कारखान्यात हजारो कामगारांसमोर त्याला बोलायला उभं केलं, तेव्हा काम चांगलं करा एवढंच सांगून तो खाली बसला. कामगारांना ते इतकं भिडलं की कारखान्यात त्याचे फलक लागले.

पंधरा मिनिटांचं उड्डाण आणि आयुष्यभराचा डाग

५ मे १९६१ ला ॲलन शेपर्ड अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन ठरला. दुसरा नंबर गसचा. तारीख २१ जुलै १९६१. यानाचं नाव लिबर्टी बेल ७. फिलाडेल्फियातली मूळ लिबर्टी बेल म्हणजे स्वातंत्र्याची घंटा तडकलेली आहे, म्हणून हौसेने यानावरही पांढऱ्या रंगात एक तडा रंगवला होता.

उड्डाण छान झालं. १५ मिनिटं ३७ सेकंद. सुमारे १९० किलोमीटर उंची गाठून कॅप्सूल पॅराशूटने अटलांटिक महासागरात उतरली. आता फक्त हेलिकॉप्टरने येऊन कॅप्सूल उचलायची होती.

इथे दरवाजा गोष्टीत येतो. शेपर्डच्या कॅप्सूलचा दरवाजा जड आणि उघडायला किचकट होता. गसच्या कॅप्सूलमध्ये पहिल्यांदाच नवा दरवाजा बसवला होता. त्याला चारी बाजूंनी ७० बोल्ट आणि त्यांच्या भोवती स्फोटक. आतून पिन काढायची, दट्ट्या दाबायचा की बोल्ट तुटून दरवाजा क्षणात बाहेर उडणार. हेलिकॉप्टरने कॅप्सूलला हुक लावून वर उचलली की गसने दट्ट्या दाबायचा असं ठरलं होतं.

हेलिकॉप्टर जवळ येत होतं. गस पाठीवर पडून वाट बघत होता. तेवढ्यात धाड् आवाज झाला आणि दरवाजा उडाला. समोर निळं आकाश आणि आत घुसणारं समुद्राचं पाणी.

गसने हेल्मेट फेकलं आणि बाहेर उडी मारली. पुढची काही मिनिटं विचित्र होती. हेलिकॉप्टरच्या पायलटने आधी कॅप्सूल वाचवायचा प्रयत्न केला, कारण स्पेससूट पाण्यावर तरंगतो हे त्याला माहीत होतं. पण गसच्या सूटची ऑक्सिजनची झडप उघडी राहिली होती, तिच्यातून पाणी आत शिरत होतं. सूट जड होत चालला होता. त्यात मित्रांना आठवण म्हणून वाटायला त्याने खिशात दहा-दहा सेंटच्या नाण्यांचे रोल भरून नेलेले. तो मदतीसाठी हात हलवायचा, वरून लोकांना वाटायचं गडी खुशीत आहे. हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा त्याला पुन्हा पुन्हा पाण्याखाली ढकलत होत्या.

पाणी भरलेली कॅप्सूल हेलिकॉप्टरला पेलेना. इंजिनचा धोक्याचा दिवा लागला आणि पायलटने नाइलाजाने केबल सोडून दिली. लिबर्टी बेल ७ जवळजवळ १५,००० फूट खोल समुद्राच्या तळाशी गेली. दुसऱ्या हेलिकॉप्टरने गसला कसंबसं वर खेचलं. आत येताच त्याने पहिली गोष्ट काय केली असेल तर लाईफ जॅकेट चढवलं. जहाजापर्यंतचा प्रवास काही मिनिटांचा होता, तरीही.

त्या दिवसापासून एकच प्रश्न त्याच्या मागे लागला. गस घाबरला होता का? घाबरून त्यानेच दट्ट्या दाबला का?

गस ठामपणे सांगत राहिला की त्याने दट्ट्याला हात लावला नाही. चौकशी झाली. दरवाजा आपोआप कसा उडाला हे तज्ज्ञांना सापडलं नाही, पण गसचा दोष आहे असंही कुणी म्हटलं नाही. नासाने त्याच्यावरचा विश्वास कायम ठेवला. पण शेपर्डला व्हाईट हाऊसमध्ये बोलावून राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पदक दिलं होतं, गसचा तसा सोहळा झाला नाही. बेटीला हे फार लागलं.

खरं तर पुराव्याचं एक उत्तर वर्षभराने मिळालं होतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा अंतराळातून परतला. त्याची कॅप्सूल जहाजावर आणून ठेवल्यावर त्याने मुद्दाम आतून दट्ट्या मारून दरवाजा उडवला. त्या धक्क्याने हातमोज्याच्या आतही त्याच्या हाताला जखम झाली. उड्डाणानंतरच्या तपासणीत गसच्या हातावर अशी कुठलीच खूण सापडली नव्हती. आता कोर्टात एवढ्यावर केस निकाली निघाली असती. पण बदनामीला अपील नसतं. टॉम वुल्फ यांचं १९७९ चं द राईट स्टफ हे पुस्तक आणि १९८३ चा त्यावरचा सिनेमा, दोन्हींनी गस गडबडला होता असंच चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं केलं. तोपर्यंत उत्तर द्यायला गस नव्हता.

न बुडणारी बाई

दुसरा कुणी असता तर बाजूला पडला असता. गसने उलट केलं. मर्क्युरीनंतरच्या जेमिनी प्रकल्पात त्याने स्वतःला गाडून घेतलं. सेंट लुईसच्या कारखान्यात इंजिनिअरांच्या मांडीला मांडी लावून बसायचा, कुठलं बटण कुठे हवं, कुठला काटा पायलटला दिसत नाही, सगळं बघायचा. मर्क्युरीत अंतराळवीर जवळपास प्रवासी होता, जेमिनी हे पायलटचं यान झालं. ते इतकं गसच्या मापाचं निघालं की उंच अंतराळवीरांना आत बसताच येईना. मग आतल्या रचनेत बदल करावे लागले. सहकारी त्या यानाला गंमतीने गसमोबाईल म्हणायचे.

पहिलं मानवी जेमिनी उड्डाण आधी शेपर्डला मिळणार होतं. त्याला कानाच्या आजाराने जमिनीवर बसवलं आणि कमांडरची खुर्ची गसकडे आली. सोबत नवखा जॉन यंग.

यानाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा गसने नाव सुचवलं मॉली ब्राऊन. टायटॅनिकमधून वाचलेल्या मॉली ब्राऊन या बाईवर, म्हणजे न बुडणाऱ्या मॉलीवर, तेव्हा ब्रॉडवेवर नाटक गाजलं होतं. स्वतःच्या बुडालेल्या यानावर याहून खमका विनोद होऊ शकला नसता. नासाचे साहेब लोक नाराज झाले. त्यांनी दुसरं नाव मागितलं. दुसरं नाव काय? टायटॅनिक. साहेबांनी मुकाट्याने मॉली ब्राऊनला होकार दिला.

२३ मार्च १९६५ ला उड्डाण झालं. पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा, पाच तासांच्या आत परत. या मोहिमेत पहिल्यांदा माणसाने यानाची कक्षा स्वतः बदलली. चंद्रावर जायचं तर एका यानाने दुसऱ्याला अंतराळात गाठायला हवं, त्याची ही पहिली पायरी. पेपरांत मात्र गाजलं सँडविच. जॉन यंगने खिशातून लपवून मांसाचं सँडविच नेलं होतं. दोघांनी एकेक घास घेतला, तुकडे हवेत तरंगायला लागले म्हणून लगेच गुंडाळून ठेवलं. त्यावरून अमेरिकी संसदेत खासदारांनी नासाला जाब विचारला.

मॉली ब्राऊन ठरलेल्या जागेपासून बरीच अलीकडे समुद्रात उतरली. जहाज दूर होतं. आत उकडत होतं, लाटांनी कॅप्सूल हेलकावे खात होती, गसला उलट्या झाल्या. पण दरवाजा त्याने उघडला नाही. पाणबुडे येऊन कॅप्सूलला तरंगतं कडं बांधेपर्यंत तो घाम गाळत आत बसून राहिला. नासाचा दोनदा अंतराळात गेलेला पहिला अंतराळवीर हा मान आता त्याच्या नावावर होता.

परीक्षा जमिनीवरची

पुढचा टप्पा अपोलो. पहिल्या मानवी अपोलो मोहिमेचा कमांडर म्हणून गसचीच निवड झाली. सोबत एड व्हाईट, अंतराळात यानाबाहेर पडणारा पहिला अमेरिकन. आणि तिसरा रॉजर चॅफी, वय ३१, अजून एकही उड्डाण न केलेला. चॅफीसुद्धा पर्ड्यूचा, १९५७ च्या बॅचचा एरोनॉटिकल इंजिनिअर.

केनेडींनी शब्द दिला होता की दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवू. त्यामुळे सगळ्यांना घाई. कॅलिफोर्नियाच्या कारखान्यातून यान ऑगस्ट १९६६ मध्ये फ्लोरिडाला आलं तेव्हा ठरलेले ११३ मोठे बदल व्हायचे बाकी होते. आल्यावर आणखी ६२३ बदल झाले. रोज वायर बदलली जायची, रोज पाईप हलायचा. सराव करायचा सिम्युलेटर खऱ्या यानाच्या कायम मागे. लिंबू आठवलं ना? ते याच सिम्युलेटरसाठी होतं.

त्याच महिन्यात तिघांनी अपोलो यानाचे प्रमुख जो शे यांना एक फोटो भेट दिला होता. टेबलावर कॅप्सूलचं मॉडेल, त्यासमोर तिघे डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना करताहेत. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण या वेळी आम्ही तुमच्या वरच्याशी बोलायचं ठरवलंय, अशा अर्थाचा मजकूर खाली. हसण्यावारी नेलेली तक्रार म्हणजे काय हे बघायचं तर तो फोटो बघावा.

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार. उड्डाण २१ फेब्रुवारीला ठरलं होतं. त्या दिवशी फक्त रंगीत तालीम होती. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री चाचणी बिनधोक. बाहेरून येणारी वीज तोडायची आणि यान स्वतःच्या विजेवर चालतं का बघायचं. दुपारी १ वाजता तिघे आत बसले. दरवाजे लागले. आत शुद्ध ऑक्सिजन भरला.

शुद्ध ऑक्सिजनच का? कारण अंतराळात गेल्यावर आत कमी दाबाचा नुसता ऑक्सिजन ठेवला की यंत्रणा हलकी आणि सोपी होते. मर्क्युरी आणि जेमिनीत तेच केलं होतं, काही झालं नव्हतं. पण जमिनीवर चाचणी करताना बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो. म्हणजे एक चौरस इंचाला १६.७ पौंड. एवढ्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये एरवी जेमतेम धुमसणारी वस्तूही भडकते. आणि आत नायलॉनच्या जाळ्या होत्या, फोम होता, ठिकठिकाणी चिकटवलेलं वेल्क्रो होतं.

राहिला दरवाजा. कंपनीने सुरुवातीला बाहेर उघडणारा, स्फोटकाने उडवता येणारा दरवाजा सुचवला होता. नासाने तो नाकारला. चंद्राच्या वाटेवर दरवाजा चुकून उडाला तर? लिबर्टी बेलचं पुन्हा व्हायला नको. म्हणून अपोलोचा आतला दरवाजा आत उघडणारा केला. आतून झाकण बसणारा कुकर ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच कळेल. वाफ जितकी जास्त तितकं झाकण घट्ट. दाब उतरल्याशिवाय ते हलत नाही. यानाचा दरवाजा सगळं ठीक असतानाही उघडायला किमान ९० सेकंद लागायचे.

चाचणी रखडली. गसला ऑक्सिजनला आंबूस वास आला, तासाभराहून जास्त वेळ त्यात गेला. मग रेडिओ बिघडला. शेजारच्या इमारतीतल्या लोकांचं बोलणं ऐकू येईना. दोन-तीन इमारतींमध्ये बोलता येत नाही तर चंद्रावरून काय बोलणार, असा गसचा वैतागलेला सवाल त्या दिवशीच्या टेपवर आहे.

संध्याकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी रेडिओवर आगीचा ओरडा ऐकू आला. दरवाजा उघडायचं काम एड व्हाईटचं होतं, तो दरवाजाशी झटत होता. गस त्याला मदत करत होता. सगळ्यात लहान चॅफी नियमाप्रमाणे जागेवर बसून रेडिओ सांभाळत होता. साधारण १५ सेकंदांत आतला दाब इतका वाढला की यानाची भिंत फाटली. बाहेरचे कामगार धुरात शिरले, गुदमरून मागे आले, पुन्हा शिरले. त्यांनी जिवाची पर्वा केली नाही, कारण वर बसवलेलं सुटकेचं रॉकेट आगीने पेटलं असतं तर कुणीच वाचलं नसतं. तिन्ही दरवाजे उघडायला पाच मिनिटं लागली. तोवर तिघे गेले होते. मृत्यू मुख्यतः धुराने झाला, भाजण्याने नाही. गस ४० वर्षांचा होता.

दरवाजा बदलला

चौकशीत ठिणगी नेमकी कुठली हे शंभर टक्के सिद्ध झालं नाही. गसच्या सीटच्या बाजूला खालच्या भागातल्या वायरींवर सगळ्यात जास्त संशय गेला. पण ठिणगीपेक्षा मोठं पाप दुसरं होतं. शुद्ध ऑक्सिजन, जळणाऱ्या वस्तू आणि न उघडणारा दरवाजा एकत्र आहेत आणि हे धोक्याचं आहे, याचा पुरेशा गांभीर्याने विचार झाला नव्हता.

मग यान जवळजवळ नव्याने बांधलं. जमिनीवर असताना आत ऑक्सिजनसोबत नायट्रोजन मिसळला. जळणारं सामान काढलं, कपडे न पेटणाऱ्या कापडाचे झाले, वायरींना आवरणं आली. आणि दरवाजा बाहेर उघडणारा झाला, काही सेकंदांत उघडणारा. या कामात पावणेदोन वर्षं गेली. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ उडालं, त्याचा कमांडर वॉली शिरा. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. डिसेंबर १९७२ मध्ये जीन सर्नन तिथून निघणारा शेवटचा माणूस ठरला.

योगायोग बघा, आर्मस्ट्राँग आणि सर्नन दोघेही पर्ड्यूचेच. या एका युनिव्हर्सिटीतून आजवर २५ हून जास्त अंतराळवीर निघाले आहेत. २०२१ मध्ये अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेली, आंध्र प्रदेशात जन्मलेली शिरीषा बांदलाही तिथलीच. त्या कॅम्पसवर ग्रिसम आणि चॅफी यांच्या नावाच्या दोन इमारती आहेत. सर्नन आणि चॅफी तर ह्यूस्टनमध्ये शेजारी राहायचे.

बेटीचा लढा मात्र वेगळा होता. नवऱ्याच्या बदनामीविरुद्ध ती आयुष्यभर बोलत राहिली. यान बनवणाऱ्या कंपनीवर तिने दावा ठोकला. अंतराळवीराच्या बायकोने कंपनीला कोर्टात खेचणं तेव्हा बऱ्याच जणांना रुचलं नाही, मित्रमंडळी दुरावली. शेवटी साडेतीन लाख डॉलरवर तडजोड झाली. २०१८ मध्ये तिचं निधन झालं.

नासा दरवर्षी जानेवारीच्या शेवटी आपल्या मृत अंतराळवीरांचं स्मरण करते. २७ जानेवारी अपोलो १ ची, २८ जानेवारी १९८६ चॅलेंजरची, १ फेब्रुवारी २००३ कोलंबियाची, ज्यात आपली कल्पना चावला होती. तिन्ही अपघात कॅलेंडरच्या एकाच आठवड्यातले.

२० जुलै १९९९ ला, चंद्रावर उतरण्याच्या बरोबर तिसाव्या वाढदिवशी, लिबर्टी बेल ७ समुद्राच्या तळातून वर काढली. आत गसची नाणीही सापडली. काही वर्षांपूर्वी जुन्या फिल्म नव्याने तपासून अभ्यासकांनी मांडलं की हेलिकॉप्टरमधून आलेल्या स्थिर विजेच्या झटक्याने बोल्ट फुटले असावेत. गस सांगत होता ते यात बसतं. पण दरवाजा हाती लागला असता तर खात्रीने काही कळलं असतं.

कॅप्सूल आता कॅन्ससच्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयात आहे. मॉली ब्राऊन गसच्या गावी, मिचेलजवळच्या स्मारकात. अपोलो १ चा तीन भागांचा दरवाजा नासाने ५० वर्षं कुलपात ठेवला होता, तो २०१७ मध्ये केनेडी स्पेस सेंटरमध्ये लोकांसाठी मांडला. लिबर्टी बेलचा दरवाजा अजून अटलांटिकच्या तळाशीच आहे.